एकवीस दिवसांत तीस स्टेशनं: संशोधन जहाजावर नेमकं किती काम होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. तुमच्या गटाला गोव्याहून ‘सिंधु साधना’वर एकवीस दिवस मिळण्याची शक्यता आहे, बहुधा जानेवारीत. रत्नागिरी, गोवा आणि भटकळ यांच्या समोरून पश्चिमेला जाणाऱ्या तीन रेषा तुम्ही आखल्या आहेत. प्रत्येकीवर दहा स्टेशनं, म्हणजे जहाज थांबवून काम करायच्या जागा, खोली तीस मीटरपासून अडीच-तीन हजार मीटरपर्यंत. प्रत्येक स्टेशनवर प्राणवायू, पोषकद्रव्यं, सूक्ष्मजीवांचा डीएनए, प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), तळाचा गाळ आणि विरघळलेलं लोह हवं आहे. शिवाय जाता जाता तळाचा नकाशाही. यासाठी लागणारी उपकरणं जहाजाच्या माहितीपत्रकात दिसतात, तर एकाच सफरीत सगळं होईल ना, असं तुम्ही विचारता.

बरंचसं होईल. लोह आणि नकाशा मात्र या आराखड्यात बसत नाहीत, आणि गाळासाठी निवडलेली काही ठिकाणं बदलावी लागतील. त्यामागची कारणं सविस्तर सांगतो, कारण ती कळली तर पुढच्या प्रत्येक सफरीचा हिशेब तुम्हाला स्वतःच मांडता येईल.

माहितीपत्रकात उपकरणांची यादी असते. ती एकापाठोपाठ एक छापलेली असल्यामुळे सगळी एकाच वेळी चालतात असं वाटतं. प्रत्यक्षात जहाजावरचं काम तीन प्रकारांत मोडतं. काही उपकरणं जहाज चालू असताना आपोआप नोंदी घेतात. काहींसाठी जहाज जागेवर थांबवून तारेवरून काहीतरी खाली सोडावं लागतं. आणि काहींसाठी जहाजाला ठरावीक वेगाने, ठरावीक रेषांवर चालावं लागतं. पहिला प्रकार जवळजवळ फुकट पडतो. दुसरा आणि तिसरा एकमेकांचे तास खातात. तुमच्या यादीतलं बहुतेक सगळं दुसऱ्या प्रकारातलं आहे.

जहाजाबद्दल थोडं. ‘सिंधु साधना’ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं, म्हणजे दोना पावलाच्या एनआयओचं, सुमारे ८० मीटर लांबीचं जहाज. गुजरातेत एबीजी शिपयार्डने बांधलं आणि २०१४ मध्ये मुरगाव बंदरात सेवेत आलं. वेगवेगळ्या शाखांच्या कामासाठी ते आखलेलं असल्यामुळे पाणी, गाळ, हवा, तळ सगळ्यांची सोय त्यावर आहे. आपल्याकडच्या इतर जहाजांचा कल वेगळा आहे. ‘सागर कन्या’ १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेली, शंभर मीटरची. मान्सून आणि अरबी समुद्रावरच्या कित्येक मोठ्या मोहिमा तिने पार पाडल्या. ‘सागर संपदा’ डेन्मार्कमध्ये बांधलेली, मत्स्य आणि सागरी जीवांच्या कामासाठी. ‘सागर निधी’ इटलीत बांधलेली आणि खोल समुद्रातली जड यंत्रं उतरवण्यासाठी सज्ज. ‘समुद्र रत्नाकर’ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, त्याचा भर तळ आणि त्याखालच्या थरांवर. तुमच्या कामाला ‘सिंधु साधना’ योग्यच आहे, त्याबद्दल शंका नको.

आता तास मोजू. सगळा निर्णय इथेच होतो.

सीटीडी म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र. त्याभोवती चक्राकार चौकटीत पाण्याच्या बाटल्या बसवलेल्या असतात. ते साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली जातं. तीन हजार मीटरला पोहोचायला पन्नास मिनिटं. बाटल्या वर येताना बंद करतात, आणि प्रत्येक खोलीवर थोडं थांबून, पाणी स्थिर होऊ देऊन बंद करतात. सुरुवातीला पृष्ठभागाजवळ पंप सुरू होईपर्यंत थांबणं, शेवटी डेकवर सुखरूप घेणं, हे धरून एका खोल कास्टला, म्हणजे यंत्र खाली सोडून वर आणायच्या एका फेरीला, अडीच तास लागतात. एका कास्टमधलं पाणी सगळ्यांना पुरत नाही, म्हणून वरच्या पाचशे मीटरसाठी दुसरा कास्ट, एक तास. मल्टिनेटला, म्हणजे प्राणिप्लवकाच्या जाळ्यांच्या संचाला, दीड तास. ग्रॅव्हिटी कोअरर, म्हणजे स्वतःच्या वजनाने गाळात घुसणारी नळी, तीन हजार मीटरला सोडून परत आणायला, डेकवरच्या तयारीसह, तीन तास. गाळाचा वरचा थर अबाधित हवा असेल तर मल्टिकोअररला आणखी तीन. मधल्या अदलाबदलीचा वेळ मिळवला की एका खोल स्टेशनला बारा तास झाले.

तुमच्या प्रत्येक रेषेवर चार स्टेशनं शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर, तीन पुढच्या उतारावर आणि तीन खोल पाण्यात आहेत, असं तुमच्या नकाशावरून दिसतं. शेल्फवरच्या स्टेशनला अडीच तास धरा, उतारावरच्याला सहा, खोल पाण्यातल्याला बारा. तीन रेषांचे मिळून तीस, चोपन्न आणि एकशे आठ तास. बेरीज १९२ तास, म्हणजे आठ दिवस नुसते थांबून काम करण्याचे. या आठ दिवसांतला निम्म्याहून जास्त वेळ फक्त नऊ खोल स्टेशनं घेतात, हे लक्षात ठेवा. काही कापावं लागलं तर आधी तिकडे पाहायचं.

प्रवासाचं पाहू. मुरगावहून रत्नागिरीच्या रेषेपर्यंत वर, ती बाहेरच्या दिशेने, मग खाली उतरून गोव्याची रेषा किनाऱ्याकडे, मग भटकळची पुन्हा बाहेर, आणि शेवटी घरी. रेषा दोनशे सागरी मैलांची धरली तर हा सगळा फेरा सुमारे अकराशे मैलांचा होतो. दहा नॉट म्हणजे ताशी दहा सागरी मैल, साडेअठरा किलोमीटर. अकराशे मैलांना एकशे दहा तास, साडेचार दिवसांहून थोडं जास्त. आतापर्यंत साडेबारा दिवस झाले.

प्राणिप्लवकाचं काम तुम्हाला दिवस-रात्र अशा दोन्ही वेळी करावंच लागेल. हे जीव दिवसा खोल असतात आणि अंधार पडला की वर येतात. दुपारी गाठलेल्या एका स्टेशनची मध्यरात्री गाठलेल्या दुसऱ्या स्टेशनशी तुलना केली, तर तुम्ही जागांमधला फरक पाहताय की वेळेचा, हेच कळणार नाही. प्रत्येक रेषेवर एका खोल स्टेशनवर बारा तास जास्त थांबायचं, म्हणजे दीड दिवस. चौदा झाले. बंदरातून निघणं, परत लागणं, बंदराचा पायलट, शेवटच्या दिवसाची बांधाबांध, यांत एक दिवस जातोच. हवामान आणि बिघाड यांच्यासाठी मी नेहमी एकूण दिवसांचा सातवा हिस्सा राखून ठेवतो. इथे तीन दिवस. तार सोडणारं-ओढणारं विंच, केबलचं टोक, बाटल्या बंद करणारी यंत्रणा, यांपैकी काहीतरी एखाद्या रात्री रुसतंच. अठरा दिवस. हातात तीन उरतात.

कागदावर हे छान जमलेलं दिसतं, पण यात अजून माणसं आलेली नाहीत.

खोल पाण्यात कामाचा वेग तारेवर ठरतो. सीटीडी वर येईपर्यंत लॅबमधले लोक मागच्या कास्टचं काम संपवून मोकळे झालेले असतात. शेल्फवर याच्या अगदी उलट होतं. तिथे कास्ट अर्ध्या तासात संपतो, पुढचं स्टेशन दीड-दोन तासांच्या अंतरावर असतं, आणि पाण्यात गाळ व प्लवक भरपूर असल्यामुळे डीएनएसाठीचे फिल्टर चोंदतात. सहा वेगवेगळ्या पातळ्यांवरचं पाणी गाळायला तीन-चार तास सहज लागतात. त्यातच प्राणवायूचं टायट्रेशन (रसायन थेंबाथेंबाने टाकून मोजणं) आणि ताज्या पाण्यातलं नायट्राइट. दुसरं स्टेशन येतं तेव्हा पहिल्याचं पाणी अजून कॅनमध्ये असतं, आणि तिसऱ्याला रांग लागलेली असते. नवे गट शेल्फवरची स्टेशनं जवळजवळ ठेवतात, कारण तारेचा वेळ तिथे कमी लागतो. पण नेमक्या तिथेच लॅब कोलमडते. म्हणून माझा सल्ला असा, की शेल्फवर प्रत्येक रेषेवर चार स्टेशनं ठेवा, पण डीएनए त्यांतल्या दोनच ठिकाणी घ्या. उरलेल्या दोन ठिकाणी फक्त सीटीडी, प्राणवायू आणि पोषकद्रव्यं.

जहाजावर शास्त्रज्ञांसाठी तीसच्या आत बर्थ आहेत आणि त्यांत इतर गटांची माणसंही असणार. तुमच्या वाट्याला किती येतील हे मुख्य शास्त्रज्ञांना आजच विचारा. काम चोवीस तास चालतं. त्यामुळे प्रत्येक काम करू शकणारी निदान दोन माणसं हवीत, दोन पाळ्यांसाठी. टायट्रेशन येणारा एकच विद्यार्थी असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याच्या आकड्यांची गुणवत्ता घसरू लागते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की माझ्या लेखी ही उपकरण नसण्याइतकीच मोठी अडचण आहे. समुद्र लागणाऱ्या, म्हणजे मळमळ-उलट्यांनी आडव्या होणाऱ्या, माणसाचा पहिला-दुसरा दिवस धरायचाच नाही; समुद्र लागणं कोणाच्या हातात नसतं, आणि अनुभवी माणसालाही ते चुकत नाही.

आता पाण्याचा हिशेब. दहा लिटरच्या बाटलीत वापरण्याजोगं पाणी दहा लिटर नसतं. प्राणवायूची काचेची बाटली भरताना तिच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून वाहू द्यावं लागतं. दोन-तीन नमुने घेतले की लिटरभर गेलं. पाणी काढण्याचा क्रमही ठरलेला असतो. वायू आधी, म्हणजे प्राणवायू, मग कार्बन डायऑक्साइडशी निगडित मोजमापं, मग पोषकद्रव्यं, मग क्षारता, आणि डीएनए-हरितद्रव्यासाठीचं मोठं पाणी शेवटी. बाटलीचं वरचं झाकण उघडलं की आतल्या पाण्याला हवा लागते, म्हणून हा क्रम. सूक्ष्मजीवशास्त्राच्या गटाला ‘आम्हाला आधी द्या’ असं वाटणं साहजिक आहे, पण त्यावर डेकवर वाद नको. निघण्याआधीच एका कागदावर प्रत्येकाला कुठल्या खोलीचं किती मिलिलिटर पाणी लागणार ते लिहून घ्या आणि बेरीज करा. बेरीज बाटलीपेक्षा मोठी आली, तर दुसरा कास्ट हवा, आणि दुसरा कास्ट म्हणजे प्रत्येक खोल स्टेशनला एक तास.

प्राणवायूबद्दल अधिक सांगायला हवं, कारण तुमच्या संशोधनाचा गाभा तोच आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो. सीटीडीवरचा सेन्सर तिथे काहीतरी आकडा दाखवतोच, पण तो खरा शून्य आहे की सेन्सरचं सरकणं, हे त्याच्या आलेखावरून कळत नाही. विंकलर पद्धतीने, म्हणजे नमुन्यातला प्राणवायू रसायनांनी मोजून, सेन्सरचं अंशांकन करतात, त्याचे आकडे तपासून जुळवतात. पण इतक्या कमी प्राणवायूत विंकलरचीही अडचण होते: बाटलीतून नमुना काढताना आणि रसायनांबरोबर येणारा थोडासा प्राणवायूच नमुन्यातल्या प्राणवायूपेक्षा जास्त ठरू शकतो. त्यासाठी रंगमापनाची संवेदनशील पद्धत वापरा, आणि पुरावा म्हणून नायट्राइट जहाजावरच, त्याच दिवशी मोजा. या पट्ट्यात नायट्राइटचं जे दुसरं शिखर दिसतं, ते जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरू लागल्याची खूण आहे. सेन्सरने शून्य म्हटलं आणि नायट्राइटचं शिखरही तिथेच मिळालं, तर तुमचं म्हणणं पक्कं. नायट्राइटचे नमुने गोठवून घरी नेऊ, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

इथेच ऋतूचा प्रश्न येतो, आणि उत्तर बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे. खोल पट्ट्यातली प्राणवायूची कमतरता बारमाही आहे. जानेवारीत गेलात तरी ती भेटेल. शेल्फवरची कमतरता हंगामी आहे. नैर्ऋत्य मान्सूनमध्ये खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याजवळ वर चढतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत गोव्यासमोरच्या उथळ पाण्यात तळाशी प्राणवायू संपतो, कधी हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. जानेवारीपर्यंत प्रवाह उलटलेला असतो आणि शेल्फवरचं पाणी पुन्हा प्राणवायूने भरलेलं असतं. त्यामुळे ‘उथळ आणि खोल पाण्यातल्या कमी प्राणवायूच्या पट्ट्यांची तुलना’ हे तुमच्या प्रस्तावाचं शीर्षक जानेवारीच्या सफरीला लागू पडत नाही. शीर्षक तसंच ठेवायचं असेल तर ऑक्टोबर मागा. मान्सून नुकताच सरलेला असतो, लाटा उतरलेल्या असतात, आणि शेल्फवरचं ते पाणी अजून तिथे असतं. मला विचाराल तर तारखेसाठी भांडणं हेच या प्रस्तावातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. उपकरणांसाठी भांडायची गरज नाही. आणि किनाऱ्याजवळच्या बदलांची महिन्यामहिन्याची नोंद हवी असेल, तर मोठं जहाज हे त्यासाठी चुकीचं साधन आहे. कांदोळीसमोर एनआयओने १९९७ पासून चालवलेली नोंदमालिका तीस मीटरहून कमी खोलीवरची आहे, आणि तिचं महत्त्व पुन्हा पुन्हा त्याच जागी जाण्यात आहे. तो डेटा असलेल्यांशी बोला. तुमच्या शेल्फवरच्या स्टेशनांचा अर्थ त्याशिवाय लागणार नाही.

आता लोह. हे यादीतून काढा, किंवा त्यासाठी स्वतंत्र सफर मागा. खुल्या समुद्रात विरघळलेलं लोह लिटरमागे नॅनोमोलच्या आसपास, पृष्ठभागाजवळ बहुतेकदा त्याहूनही कमी असतं. जहाज स्वतः लोखंडाचं, सीटीडीची केबल पोलादी, विंचवर ग्रीस, डेकवर गंजाचे कण. हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं कवच, गंजू नये म्हणून लावलेल्या जस्ताच्या पट्ट्यांमुळे जस्ताचंही तेच. नेहमीच्या रोझेटवरून, म्हणजे सीटीडीभोवतीच्या बाटल्यांच्या चौकटीवरून, घेतलेल्या पाण्यात तुम्ही मुख्यतः जहाजच मोजाल. यासाठी धातू न सोडणारी केबल, लेप दिलेली चौकट, आतून स्वच्छ ठेवलेल्या खास बाटल्या आणि गाळलेल्या हवेचा स्वच्छ कंटेनर लागतो. बाटल्या डेकवर आल्या की थेट त्या कंटेनरमध्ये जातात. हे आपल्याकडे झालेलं नाही असं नाही. मार्च २०२१ मध्ये ‘सिंधु साधना’ विशाखापट्टणमहून हिंद महासागराच्या ज्या लांब मोहिमेवर निघाली, तिच्यात सूक्ष्मजीवांच्या जनुकांबरोबर सूक्ष्म धातूही होते. पण ती मोहीम पहिल्यापासून त्याच प्रश्नाभोवती बांधलेली होती. इतर पाच कामांच्या जोडीला लोह घेतलं तर ते आकडे पुढे कोणी मानणार नाही, आणि तुमचे खोल स्टेशनवरचे तास मात्र वाढतील.

गाळाबद्दल दोन गोष्टी. पश्चिम किनाऱ्यासमोर आतला शेल्फ चिखलाचा आहे. बाहेरच्या शेल्फवर बऱ्याच ठिकाणी जुनी, चुनखडीयुक्त वाळू आहे, समुद्राची पातळी खाली असतानाची. तिथे ग्रॅव्हिटी कोअरर आत शिरत नाही, आपटून आडवा होतो किंवा मूठभर वाळू घेऊन येतो. त्या स्टेशनांवर ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ मुठीत उचलणारा पंजा, पुरेसा आहे. उतारावर आणि खोल पाण्यात कोअर घ्या, पण जागा स्टेशनच्या अक्षांश-रेखांशावर ठरवू नका. आधी तळाखालचे थर दाखवणारा प्रोफायलर चालवून पाहा. उतारावर गाळ घसरलेला असतो, घळी असतात. आडव्या, अखंड थरांची जागा शोधायला तासभर दिला तर पुढचे तीन तास वाया जात नाहीत. दुसरी गोष्ट, ग्रॅव्हिटी कोअरमध्ये वरचे काही सेंटिमीटर विस्कटतात. तुम्हाला अलीकडच्या काळातला गाळ आणि त्यातले जीव हवे असतील तर मल्टिकोअरर लागेल. हजारो वर्षांचा इतिहास हवा असेल तर ग्रॅव्हिटी कोअरर. प्रस्तावात दोन्ही आहेत, पण तुमचा प्रश्न वाचून मला पहिलाच पुरेसा वाटतो. ग्रॅव्हिटी कोअरर खोल स्टेशनांपैकी तिनांवरच ठेवा. सहा ठिकाणचे तीन-तीन तास, म्हणजे अठरा तास वाचले.

तळाच्या नकाशाचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. ध्वनी पाठवून तळाची खोली मोजणारा मल्टिबीम एको साउंडर जहाजाखालचा जो पट्टा पाहतो, त्याची रुंदी खोलीबरोबर वाढते. ती खोलीच्या तिप्पट धरली, तर दोन हजार मीटर खोलीवर पट्टा सहा किलोमीटरचा. आठ नॉटने चाललात तर तासाला जवळजवळ नव्वद चौरस किलोमीटर. शंभर मीटर खोलीवर पट्टा तीनशे मीटरचा, आणि तासाला साडेचार चौरस किलोमीटरही होत नाहीत. म्हणजे उथळ शेल्फचा नकाशा करायला खोल समुद्रापेक्षा वीसपट वेळ. तुमच्या रेषांवर जाता-येता मल्टिबीम जरूर चालू ठेवा, पण त्यातून मिळेल ती एक अरुंद फीत. सलग नकाशासाठी शेजारी-शेजारी समांतर फेऱ्या माराव्या लागतात, आणि पाण्यातला ध्वनीचा वेग वेळोवेळी मोजून द्यावा लागतो. उरलेल्या तीन दिवसांपैकी फक्त अर्धा दिवस गोव्याच्या रेषेवरच्या उतारावर, कोअरच्या जागांभोवती एक छोटा चौकोन भरून काढायला द्या. तो नकाशा तुमच्या गाळाच्या कामाला थेट उपयोगी पडेल.

जाळ्यांबाबत एवढंच, की जाळी आणि सीटीडी एकाच वेळी पाण्यात ठेवायची नाहीत. रात्री डेकवरचे मोठे दिवे पाण्यावर पडले की प्राणिप्लवक आणि त्यामागे येणारे जीव वागणूक बदलतात. कामाला लागतील तेवढेच दिवे ठेवायची विनंती ब्रिजला, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांना, आधी करा.

चालू जहाजावर आपोआप होणाऱ्या नोंदी लोक दुर्लक्षितात. पृष्ठभागाचं तापमान आणि क्षारता मोजणारं यंत्र चार-पाच मीटर खालून ओढलेल्या पाण्यावर सतत चालतं. हलमध्ये बसवलेला प्रवाहमापक ध्वनीच्या साहाय्याने खालच्या शेकडो मीटरांचे प्रवाह दाखवतो. समुद्र खवळला की हलखाली बुडबुडे येतात आणि त्याची नोंद बिघडते, एवढं ध्यानात ठेवा. हवामान केंद्र वारा मोजतं, पण जहाजाचा सांगाडाच वाऱ्याला वळवतो. हवेतले कण गोळा करणारा कोणी बरोबर असेल तर वारा समोरून असतानाच पंप चालवायचा, नाहीतर धुराड्याचा धूर फिल्टरवर बसतो. या नोंदींनी तुमच्या तीस ठिपक्यांमधली जागा भरून निघते. परतीचे दोनशे मैलही याच नोंदींमुळे कारणी लागतात. त्या सुरू आहेत का, वेळा जुळतात का, हे रोज पाहण्याचं काम एका माणसाला नेमून द्या.

उत्तर ऋतूवर अवलंबून आहे म्हणालो, तसंच ते समुद्रावरही अवलंबून आहे. जानेवारीत अरबी समुद्र साधारण शांत असतो, उत्तरेकडचा वारा कधी जोर धरतो. काम चालू ठेवायचं की थांबवायचं, हा निर्णय जहाजाच्या कॅप्टनचा असतो आणि तो अंतिम असतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तार ठेवून काम करतात, म्हणजे जहाज तारेवर न चढता तिच्यापासून दूर सरकतं. बोसन, म्हणजे डेकवरच्या कामगारांचा प्रमुख, आणि विंचवरची माणसं हे सगळं तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं जाणतात. कोअरर तळाला टेकला हे त्यांना तारेवरच्या ताणाच्या आकड्यावरून कळतं, आणि गाळातून सुटताना तो ताण किती वर गेला यावरून आत किती गाळ आला असेल याचा अंदाजही ते देतात. पहिल्याच दिवशी त्यांना तुमचा प्रश्न समजावून सांगा. कशासाठी जागायचं आहे हे माहीत असलेली माणसं रात्री तीन वाजताही मन लावून काम करतात.

तर सुधारलेला आराखडा माझ्या मते असा दिसेल. तीन रेषा आणि तीस स्टेशनं राहू द्या. लोह काढा. डीएनए शेल्फवर निम्म्या ठिकाणी. ग्रॅव्हिटी कोअर तीन ठिकाणी, बाहेरच्या शेल्फवर फक्त ग्रॅब. मल्टिबीमचा अर्धा दिवस गोव्याच्या उतारावर. वाचलेले अठरा तास आणि उरलेले अडीच दिवस मिळून गोव्याच्या रेषेवरच्या एका खोल स्टेशनवर दोन दिवस सलग थांबा, दर काही तासांनी सीटीडी आणि जाळी. त्या स्टेशनचे दिवस-रात्रीचे बारा तास त्यातच येतील. प्राणवायू, नायट्राइट आणि प्लवकाची वर-खाली हालचाल एकाच जागी, एकाच पाण्यात पाहायला मिळेल. तीसही स्टेशनांपेक्षा तो भाग प्रबंधात जास्त वजनदार ठरू शकतो. त्यानंतरही जे तास शिल्लक राहतील ते वाटून टाकू नका. एखादी केबल पुन्हा जोडावी लागली की ते लागतात.

सफरपूर्व बैठकीत विचारायच्या गोष्टी: रोझेटवर सध्या किती बाटल्या चालू स्थितीत आहेत आणि किती लिटरच्या, सीटीडी केबलची वापरता येण्याजोगी लांबी किती, सेन्सरचं शेवटचं अंशांकन कधी झालं, उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आहे का आणि त्यात तुमच्या वाट्याला किती जागा, शुद्ध पाण्याचं यंत्र रोज किती लिटर देतं, स्टेशनवर असताना सांडपाणी सोडणं थांबवता येईल का. माहितीपत्रकातली क्षमता आणि त्या महिन्यात चालू असलेली क्षमता यांत नेहमी थोडा फरक असतो, आणि तो बैठकीत कळला तर दुरुस्त करता येतो.

शेवटचं, नोंदवहीबद्दल. प्रत्येक कास्टला, प्रत्येक जाळीला, प्रत्येक कोअरला वेगळा क्रमांक द्या. स्टेशनचा क्रमांक पुरेसा नाही, कारण एका स्टेशनवर सहा गोष्टी खाली जातात. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत, लिहा. आपली वेळ साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत केलेल्या कास्टची यूटीसी तारीख आदल्या दिवसाची पडते, आणि पाळी बदलताना हमखास घोळ होतो. नोंदवहीच्या पहिल्या पानावर हे ठळक लिहून ठेवा आणि वेट लॅबच्या भिंतीवर यूटीसी लावलेलं एक घड्याळ टांगा.